कोरियातील नोकरी आणि बिऱ्हाड: ओळखीचे वाटते तेच चकवते

मुळामुठा (धागाकर्ता)

दक्षिण कोरियात राहून मला सहा वर्षे होऊन गेली. सोलच्या दक्षिणेस असलेल्या सुवॉन शहरात माझे बिऱ्हाड आहे आणि शेजारच्या ह्वासॉंग शहरात, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत, मी आराखडे काढण्याचे काम करतो. येथे येताना मला धास्ती होती ती अनोळखी गोष्टींची: थंडी, लिपी आणि ताटात काय वाढले जाईल याची. प्रत्यक्षात त्यांनी फारसा त्रास दिला नाही, कारण अशा बाबतीत माणूस आधीच सावध असतो. मला वेळोवेळी तोंडघशी पाडले ते ओळखीच्या वाटणाऱ्या गोष्टींनी. त्यांतील काही प्रसंग लिहितो. कोरियात राहणाऱ्या इतरांनी आपापली भर घालावी.

पहिला धडा एकाक्षरी शब्दाचा होता. कोरियन भाषेत ‘ने’ म्हणजे ‘हो’, हे मी पुस्तकात वाचले होते, पण मराठी कानाला तो ‘नै’ असा ऐकू येतो आणि कान पुस्तकाचे ऐकत नाही. दुसऱ्याच आठवड्यात मी वरिष्ठांना ‘आराखडा आजच पाठवू का’ असे विचारले. ते घाईत ‘ने, ने, ने’ म्हणून निघून गेले आणि मी तो आराखडा संध्याकाळपर्यंत अगदी आज्ञाधारकपणे दाबून ठेवला.

त्याहून महागात पडले ते ‘तुम्ही’. मराठीत तू, तुम्ही, आपण अशी उतरंड असल्यामुळे कोरियन आदरार्थी क्रियापदे मला इंग्रजी बोलणाऱ्या सहकाऱ्यांपेक्षा लवकर जमली, आणि त्याचा मला थोडा गर्वही झाला होता. शब्दकोशात ‘तुम्ही’साठी ‘तांगशिन’ हा शब्द सापडला, तो मी भर बैठकीत विभागप्रमुखांना उद्देशून वापरला आणि खोलीत शांतता पसरली. हा शब्द नवरा-बायको एकमेकांना म्हणतात, जाहिरातींत आणि गाण्यांत येतो, आणि रस्त्यावरच्या भांडणात परक्या माणसाच्या अंगावर फेकला जातो. समोर बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाला उद्देशून वापरता येईल असा ‘तुम्ही’ या भाषेत जवळजवळ नाहीच. तेथे आडनाव, मग हुद्दा आणि त्यापुढे ‘निम’ लावायचे असते, म्हणजे अमुक क्वाजांगनिम (क्वाजांग हा एक हुद्दा). हे ‘निम’ आपल्या ‘राव’ किंवा ‘पंत’सारखे आहे असे समजले तर चालते. नंतर लिफ्टपाशी एका कनिष्ठ सहकाऱ्याने मला हे सारे खालच्या आवाजात समजावून सांगितले आणि शेवटी ‘आइगो’ असा उसासा टाकला. तो उद्गार अर्थाने आणि सुराने हुबेहूब आपल्या ‘आई गं’सारखा आहे. तेवढाच एक शब्द मला आजवर फसवून गेलेला नाही.

खाणावळीतील ‘सर्व्हिस’ हा शब्दही असाच. जेवण संपत आले असताना मालकीणबाईंनी न मागवलेली एक बशी समोर ठेवली आणि ‘सॉबिसु’ असे म्हणाल्या. मला वाटले की बिलात सेवाशुल्क लावले जात आहे, म्हणून मी दोन्ही हातांनी बशी परत सरकवू लागलो. येथे ‘सर्व्हिस’ म्हणजे दुकानदाराने आपणहून दिलेली फुकटची वस्तू. बाई दुखावल्या आणि मग हसल्या. आता मी त्यांना ‘इमो’ म्हणतो. इमो म्हणजे आईची बहीण, मावशी. आत्यासाठी ‘कोमो’ हा वेगळा शब्द आहे, आणि दोघींना एकाच नावाने हाक मारणाऱ्या भाषांबद्दल कोरियन माणसालाही आपल्याइतकेच आश्चर्य वाटते.

आता कचऱ्याविषयी सविस्तर लिहितो, कारण या विषयात मी स्वतःला तयार समजत होतो. पुण्यात आमच्या सोसायटीत ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची शिस्त होती, त्यामुळे ‘आपल्याला काय शिकवणार’ अशा थाटात मी पहिली पिशवी खाली नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी ती तेथेच होती आणि तिच्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. कोरियात १९९५ पासून कचऱ्याचे शुल्क पिशवीच्या किमतीतूनच वसूल केले जाते. त्या त्या शहराची किंवा प्रभागाची छापील पिशवी दुकानातून विकत घ्यावी लागते आणि ती एरवी दुसऱ्या शहरात चालत नाही. माझी पिशवी किराणा दुकानाची होती, हा पहिला गुन्हा. दुसरा अधिक गंभीर होता. अंड्याची टरफले, कांद्याची साले, कोंबडीची हाडे आणि आंब्याची कोय हे सर्व मी ‘ओल्या’त टाकले होते. येथे अन्नकचऱ्याचा बराच भाग जनावरांचे खाद्य आणि खत बनवण्यासाठी जातो, म्हणून जे जनावर खाऊ शकत नाही ते अन्नकचऱ्यात बसत नाही. ओले-सुके हा आपला निकष, खाण्याजोगे की नाही हा त्यांचा. आमच्या इमारतीच्या वयस्कर रखवालदारांनी, म्हणजे ‘अजॉशी’ (काका) यांनी, माझी पिशवी माझ्यासमोर उघडली, कोय दोन बोटांत धरून वर उचलली आणि अत्यंत नम्रपणे विचारले, ‘हे कोण खाणार?’ आता आमच्याकडे वजन करणारी पेटी बसवली आहे. कार्ड टेकवले की झाकण उघडते, ग्रॅममध्ये वजन दिसते आणि महिन्याच्या देखभाल खर्चात त्याचे पैसे लागतात. पारदर्शक प्लास्टिकच्या बाटल्या वेष्टन सोलून वेगळ्या ठेवाव्या लागतात. निवासी संकुलांना हा नियम २०२० च्या डिसेंबरपासून लागू झाला.

शेवटी छुसॉक. चांद्र वर्षाच्या आठव्या महिन्यातील पौर्णिमेचा हा सण बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपद पौर्णिमेलाच येतो, म्हणजे आपल्याकडे पितृपक्ष सुरू होतो त्या सुमारास. गंमत म्हणजे तेही या दिवशी पूर्वजांना नैवेद्य दाखवतात आणि कबरींवरचे गवत काढून येतात. २०२५ मध्ये अधिक महिन्यांच्या फरकामुळे हा सण ६ ऑक्टोबरला, आपल्या कोजागिरीच्या दिवशी आला. आमच्या गटप्रमुखांनी मला एकदा या दिवशी घरी बोलावले होते. त्यांच्या मातोश्री तांदळाच्या पिठाची गरम पाण्यात मळलेली उकड घेऊन सोंगप्यॉन वळत होत्या: आत तीळ आणि साखर, आकार अर्धचंद्राचा, आणि वाफवताना खाली पाइनच्या झाडाची सुयांसारखी पाने. उकड पाहताच मी मोठ्या आत्मविश्वासाने पुढे बसलो आणि मुखऱ्या पाडून मोदक केला. आजींनी तो सगळ्यांना दाखवला, वाफवला आणि पूर्वजांच्या पाटावर मात्र ठेवला नाही. तेथे काय, कोठे आणि कोणत्या दिशेला ठेवायचे याचे नियम ठरलेले असतात. तो मोदक त्यांनी नंतर स्वतः खाल्ला आणि सारण कमी असल्याचे सांगितले. ते खरे होते.

हिंगाची_डबी

धागा वाचून फार बरे वाटले. मी देजॉन येथे संशोधन संस्थेत काम करते, येथे येऊन चौथे वर्ष चालू आहे आणि मी शाकाहारी आहे, त्यामुळे माझे अनुभव मुख्यतः जेवणाशी निगडित आहेत.

‘कोगी’ म्हणजे मांस. ‘कोगी वगळून द्या’ हे वाक्य मी विमानातच पाठ केले होते. पहिल्याच दिवशी किंबाप, म्हणजे समुद्रशेवाळात गुंडाळलेला भात, मागवले, वाक्य स्वच्छ उच्चारले आणि आलेल्या गुंडाळीच्या मधोमध हॅमची गुलाबी पट्टी होती. खाणावळीतील बाई मनापासून गोंधळल्या, कारण त्यांच्या लेखी कोगी म्हणजे ताटात मांस म्हणून ओळखू येणारे मांस. हॅम, खेकड्याच्या नावाने विकली जाणारी माशाची कांडी आणि सुकटीच्या पाण्याचा रस्सा यांना त्या शब्दात स्थान नाही. ‘म्यॉल्छी’ नावाच्या लहान सुक्या माशांचे पाणी हा येथील कितीतरी रश्श्यांचा पाया आहे, आणि बहुतेक किमचीत, म्हणजे आंबवलेल्या तिखट भाजीत, खारवलेल्या मासळीचा किंवा कोळंबीचा अंश असतो. म्हणून आता मी काय वगळायचे याची यादी सांगते, नुसता शब्द सांगत नाही. पालेभाज्या घातलेला बिबिंबाप हा भात, उन्हाळ्यात मिळणारे थंड सोयाबीन दुधातील शेवयांचे कोंगगुक्सू आणि बौद्ध मठांच्या परंपरेतील जेवण यांवर माझे उत्तम चालते. मठातील जेवणात कांदा-लसूणही नसतो, हे माझ्या आजीला सांगितले तेव्हा तिने कोरियाला मनोमन क्षमा केली.

आता प्रेशर कुकरची कथा. मी खोलीत शिट्टीचा कुकर आणला होता. कोरियन घरांतही दाबाखाली भात शिजवणारी विजेची भांडी सर्रास असतात, ती मोठा सुस्कारा टाकून वाफ सोडतात आणि भात तयार झाल्यावर स्त्रीच्या आवाजात ‘भात नीट हलवून घ्या’ असे सांगतात. तेव्हा कुकर ही काही येथे अपूर्वाईची वस्तू नाही, असा माझा समज झाला. रात्री साडेनऊला तुरीच्या डाळीच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि चौथ्या शिट्टीऐवजी दारावर थाप पडली. शेजारचा विद्यार्थी अनवाणी उभा होता. त्याला वायुगळतीची सूचना वाजत आहे असे वाटले होते. मी त्याला वरण-भात वाढला. तो म्हणाला की चव चांगली आहे, पण हा वास भिंतीतून रोज येतो तो कशाचा? तो हिंगाचा होता, म्हणून माझे येथील नाव हे असे.

हिवाळ्यातील एक सोय मात्र सांगायलाच हवी. येथील घरांची जमीनच खालून गरम केली जाते, त्या पद्धतीला ‘ओन्दोल’ म्हणतात. बाहेर उणे दहा अंश असताना विरजण लावलेले पातेले फडक्यात गुंडाळून जमिनीवर ठेवले की सकाळी दही घट्ट लागलेले असते. पुण्याच्या डिसेंबरात माझ्या आईला हे जमत नाही.

नवा_गडी

मला उल्सान येथील एका कंपनीकडून नोकरीचे पत्र आले आहे आणि दोन महिन्यांनी निघायचे आहे. उत्सुकता आहे, पण घराच्या बाबतीत घाबरलो आहे. दलालाने दूरध्वनीवर ‘हजाराला पन्नास’ असा भाव सांगितला. हे नक्की कशाचे किती? शिवाय मुंबईत माझ्या मामांनी हेवी डिपॉझिटवर घर घेतले होते, तसे तेथेही मिळते असे ऐकले, ते घ्यावे का?

मुळामुठा

नवा_गडी, तुमचा प्रश्न या धाग्याच्या विषयाला अगदी धरून आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

प्रथम आकडे. आपण हजारानंतर लाख आणि कोटी अशा टप्प्यांनी मोजतो. कोरियन माणूस दहा हजाराला ‘मान’ म्हणतो आणि दशकोटीला ‘ऑक’. घराच्या बोलण्यात ‘मान’ हा शब्द गृहीत धरून गाळतात. म्हणजे ‘हजाराला पन्नास’ याचा अर्थ हजार मान अनामत, अर्थात १ कोटी वॉन, आणि पन्नास मान मासिक भाडे, अर्थात ५ लाख वॉन. रुपयांत ती अनामत साधारण ६ लाखांच्या घरात जाते. मी लहानपणी ‘एकं, दहं, शतं’ म्हणताना दशसहस्र आणि दशकोटी ही स्थाने उगाचच आहेत असे समजत असे. ती येथे कामाला आली. पहिले वर्षभर मी पगाराची रक्कम कागदावर शून्ये मोजूनच वाचत होतो, आणि आजही बैठकीत कोणी झटकन ‘तीन ऑक’ म्हणाले की मी क्षणभर मागे पडतो.

अनामत आणि मासिक भाडे या पद्धतीला ‘वॉल्से’ म्हणतात. तुमच्या मामांच्या हेवी डिपॉझिटसारखी जी पद्धत आहे तिला ‘चॉन्से’ म्हणतात. तिच्यात मासिक भाडे नसते, घराच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम मालकाकडे ठेवावी लागते आणि साधारण दोन वर्षांच्या कराराअखेर ती पूर्ण परत मिळते, निदान मिळायला हवी. साम्य पाहून भुलू नका. बरेच मालक ही रक्कम दुसरे घर घेण्यासाठी वापरतात आणि पुढच्या भाडेकरूच्या पैशातून आधीच्याचे फेडतात. घरांच्या किमती उतरल्या तेव्हा ही साखळी तुटली, त्यात उघड फसवणुकीची प्रकरणेही निघाली आणि हजारो भाडेकरूंच्या आयुष्याची पुंजी अडकली. शेवटी २०२३ च्या जूनमध्ये पीडितांसाठी विशेष कायदा करावा लागला. नव्या माणसाने वॉल्सेनेच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तेव्हाही करारापूर्वी त्या घराचा नोंदणी उतारा काढून बोजा आहे का ते पाहावे. आपल्याकडे सातबारा पाहतो तसेच हे आहे. तो कोणालाही ऑनलाइन पाहता येतो. राहायला गेल्यावर पत्त्याची नोंद मुदतीत करून घ्यावी, कारण अनामतीवरील तुमचा हक्क त्या नोंदीवर अवलंबून असतो.

दुसरी गोष्ट नावाची. आल्यापासून ९० दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करून ओळखपत्र घ्यावे लागते. आपल्या पारपत्रात बहुधा स्वतःचे आणि वडिलांचे नाव एकाच रकान्यात असते. कोरियन नाव साधारण तीन अक्षरांचे, आडनाव एक आणि नाव दोन. त्यामुळे माझे नाव एका बँकेच्या संगणकात अर्ध्यावर तुटले, मोबाइल कंपनीत पूर्ण आले पण मध्ये जागा न सोडता, आणि ओळखपत्रावर आडनाव आधी आले. येथे ऑनलाइन काहीही करायचे, अगदी चित्रपटाचे तिकीट काढायचे म्हटले तरी, मोबाइलवरून ओळख पडताळावी लागते, आणि ती यंत्रणा या तिघांना तीन वेगळी माणसे समजते. मी चार महिने स्वतःशीच जुळत नव्हतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी, पहिल्याच खिडकीवर, ओळखपत्रावर आहे त्याच क्रमाने आणि त्याच जागा सोडून नाव लिहून घ्या, आणि ‘चालेल की’ असे अजिबात म्हणू नका.

जाता जाता: सुवॉनमधील किल्ल्याचे नाव ह्वासॉंग आणि शेजारच्या शहराचे नावही ह्वासॉंग. आई-बाबा आले होते तेव्हा टॅक्सीचालकाला मी नुसते ‘ह्वासॉंग’ सांगितले आणि आम्ही किल्ल्याऐवजी माझ्या कंपनीच्या दिशेने निघालो. किल्ला पाहण्यासारखाच आहे. राजा जॉंगजो याने तो १७९४ ते १७९६ या काळात बांधून घेतला. बांधकामाचा सविस्तर वृत्तान्त १८०१ मध्ये छापला गेला आणि त्यात कारागिरांची नावे व मजुरीही नोंदवली आहे. कोरियन युद्धात पडझड झालेले भाग त्याच ग्रंथावरून पुन्हा उभारले गेले. बाबा बराच वेळ तटावर उभे राहिले आणि म्हणाले, ‘आपल्याकडे हिरोजी इंदुलकरांची एक पायरी आहे, यांच्याकडे गवंड्यांचा अख्खा हजेरीपट आहे.’

काटेकोर

धागा रंजक आहे, पण तो फार गोड होत चालला आहे, म्हणून थोडे वेगळे लिहितो. मी नऊ वर्षे या देशात काढली आणि आता परतलो आहे.

कार्यालयीन उतरंड ही केवळ शब्दांची गंमत नाही. वरिष्ठ उठेपर्यंत बसून राहणे आणि सुटीच्या दिवशी आलेल्या संदेशाला उत्तर देणे या गोष्टी मी भोगल्या आहेत. त्यात ‘ह्वेशिक’, म्हणजे खात्याचे सामूहिक जेवण आणि मद्यपान, यांची भर. मी पीत नसे. दोन्ही हातांनी दुसऱ्याचा पेला भरायचा, वडीलधाऱ्यांसमोर मान वळवून प्यायचे आणि स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही, हे शिष्टाचार मी लिंबाच्या सोड्यावर पाळले. त्या सोड्याला तेथे ‘साइडा’ म्हणतात. काही वरिष्ठांना ते पुरले, एकाला पुरले नाही आणि त्या वर्षीच्या मूल्यमापनात मी ‘गटात न मिसळणारा’ ठरलो. आठवड्याला ५२ तासांची मर्यादा २०१८ च्या जुलैपासून टप्प्याटप्प्याने आली, कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्धची तरतूद २०१९ च्या जुलैत आली, आणि त्यानंतर फरक पडलेला मी स्वतः पाहिला. परंतु कायदा आहे म्हणून रात्रीचा दिवा लवकर मालवतो असे नाही.

आणि आपण येथे लिहिणारे सारे संगणकासमोर काम करणारे लोक आहोत, हेही विसरू नये. २००४ पासून चालू असलेल्या परवाना योजनेतून नेपाळसह अनेक देशांचे कामगार कारखान्यांत, शेतांवर आणि मासेमारीत येतात. भारत त्या देशांत नाही. त्या माणसांना कामाची जागा बदलायची तर पहिल्या तीन वर्षांत साधारणपणे तीनच संधी असतात, त्याही मालकाची संमती असेल किंवा मालकाचा दोष सिद्ध झाला तर. त्यांचे ‘रोजचे प्रसंग’ वेगळे असतात.

मुळामुठा

काटेकोर, तुमचे म्हणणे मान्य आहे आणि ते आधी माझ्याकडूनच यायला हवे होते. मी कामाच्या तासांविषयी लिहिले नाही याचे कारण इतकेच की आमच्या खात्यात सध्याचे प्रमुख सहा वाजता स्वतः उठून जातात. ते बदलले तर माझा धागाही बदलेल.

नेपाळी कामगारांविषयी एक अनुभव सांगतो. आन्सानमधील वॉन्गोक-दोंग या भागात अनेक देशांच्या कामगारांची वस्ती आणि बाजार आहे. आल्याच्या वर्षी मी तेथे पोहे आणि कडधान्ये शोधत गेलो. एका दुकानाची पाटी देवनागरीत दिसली तेव्हा डोळे पाणावले, हे कबूल करतो. तेथे जेवायला बसलेल्या एका तरुणाशी मी हिंदीत बोलू लागलो, मनात थोडा वडीलकीचा भाव होताच. माझ्याकडे नोंदणी कार्यालयाचे एक पत्र होते, त्याचा अर्थ मला आठवडाभर लागला नव्हता. त्याने ते जेवता जेवता वाचले, मुदत उद्या संपते असे सांगितले आणि माझ्याच फोनवरून कार्यालयाला दूरध्वनी करून अस्खलित कोरियनमध्ये वेळ ठरवून दिली. येथे येण्याआधी त्याला कोरियन भाषेची परीक्षा द्यावी लागली होती. मला, इंजिनीअरला, कोणी एक शब्दही विचारला नव्हता.

अक्षरवेडी

भाषेचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. मी पुण्यात कोरियन शिकले आणि आता बुसानमध्ये भाषांतराचे काम करते.

हांगुल लिपी राजा सेजोंगच्या काळात १४४३ मध्ये तयार झाली आणि १४४६ मध्ये जाहीर केली गेली. तिची व्यंजने उच्चारस्थानानुसार रचलेली आहेत आणि मूळ व्यंजनचिन्हांचे आकार जीभ, ओठ, दात व घसा यांच्यावरून घेतले आहेत. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ग पाठ केलेल्या मराठी विद्यार्थ्याला ही रचना माहेरची वाटते. त्यात थोडे तथ्यही आहे, कारण बौद्ध धर्माबरोबर गेलेल्या भारतीय ध्वनिविचाराचा चिनी ध्वनिशास्त्रावर परिणाम झाला होता आणि सेजोंगच्या विद्वानांनी ते चिनी ग्रंथ अभ्यासले होते. लिपी मला चार दिवसांत आली. मग धागाकर्त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तिनेच मला चकवले.

आपल्याला त आणि थ, प आणि फ यांतला भेद येतो, म्हणून उच्चार सोपे जातील असे वाटते. कोरियनमध्ये मात्र तीन पायऱ्या आहेत: साधा, महाप्राण आणि आवळून उच्चारलेला. ‘ताल’ म्हणजे चंद्र, ‘थाल’ म्हणजे मुखवटा आणि ‘त्ताल’ म्हणजे मुलगी. शिवाय साधा ‘त’ दोन स्वरांमध्ये आला की ‘द’सारखा ऐकू येतो. मी एका ज्येष्ठ सहकारी बाईंना अगत्याने विचारले, ‘आपला मुखवटा आता कितवीत आहे?’ त्यांनी गालाला हात लावून पाहिले.

मित्राला ‘छिंगू’ म्हणतात, तो शब्दही जपून वापरावा. येथे छिंगू बहुधा समवयस्कच असतो. मी पन्नाशीच्या प्राध्यापकांची ओळख ‘माझे मित्र’ अशी करून दिली तेव्हा त्यांनी उदारपणे हसून वेळ निभावली. आणि कार्यालयात जिवंत माणसाचे नाव लाल शाईने लिहू नका, तो मृत्यूचा संकेत मानतात. मी शाळेतील सवयीने उपस्थितांच्या यादीत नव्या सहकाऱ्यांची नावे लाल रंगात उठावदार केली होती. आठ माणसे, आठही लाल.

रांजणखळगा

मी उलट बाजूने लिहितो. पुण्याजवळ रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कोरियन कंपनीच्या पुरवठादाराकडे मी काम करतो. आमच्याकडे आलेले कोरियन व्यवस्थापक पुण्याला ‘फुने’ म्हणतात, कारण त्यांच्या लिपीत ते तसेच लिहिले जाते. त्यांनाही ओळखीच्या गोष्टीच फसवतात. आमच्याकडची मंडळी ‘हो, हो, होऊन जाईल’ म्हणतात, ते त्यांना होकारार्थी वाटते. गेल्या महिन्यात एकाने मला गंभीरपणे विचारले की मराठीत ‘होऊन जाईल’ याची अंतिम तारीख कोणती असते.

नवा_गडी

उल्सानला पोहोचून सहा आठवडे झाले. या धाग्याची मी छापील प्रत घेऊन आलो होतो. घर वॉल्सेवर घेतले, उतारा पाहिला आणि नाव तिन्ही ठिकाणी एकसारखे लिहून घेतले. एका खिडकीवरील बाईंना मी चार वेळा दुरुस्ती करायला लावली, त्या वैतागल्या, पण आता मी स्वतःशी जुळतो. कोय अजून टाकावी लागली नाही, कारण येथील आंब्याची किंमत पाहून घेतलाच नाही.

एक गोष्ट मात्र कोणी लिहिली नव्हती. गेल्या गुरुवारी संध्याकाळी बसमध्ये सर्वांचे फोन एकदम वाजले. ही सरकारी सूचना असते आणि थंडीची लाट, प्रदूषित हवा किंवा भूकंप यांसाठी येते, एवढे मला ठाऊक होते, म्हणून मी आधी दांडी घट्ट धरली आणि मग अक्षर अक्षर लावत वाचले. ती सूचना एका हरवलेल्या आजींची होती. वय ८१, उंची, बांधा, जांभळे जाकीट, पांढरे बूट. बसमधल्या कोणीच काही बोलले नाही, पण दोन-तीन जणांनी खिडकीची काच पुसली. मी माझ्या थांब्यावर उतरलो तेव्हा तेथे तीन आज्या बसल्या होत्या आणि तिघींची जाकिटे जांभळी होती. येथील आज्यांचा तो आवडता रंग असावा. कोणाला काय विचारावे, ‘इमो’ म्हणावे की ‘हाल्मॉनी’ (आजी), या विचारात मी उभा राहिलो. मग बूट पाहिले. तिन्ही जोड काळे होते. नऊच्या सुमारास दुसरी सूचना आली, आजी सुखरूप सापडल्या आहेत, नागरिकांचे आभार. ती मी शब्दकोश न उघडता वाचली.

हिंगाची_डबी, उल्सानमध्ये तुरीची डाळ मिळाली, हिंग मिळाला नाही. देजॉनहून टपालाने पाठवता येईल का? डबी घट्ट बंद करून पाठवावी.